जुना पीसी, दोन डिस्क आणि एक यूपीएस: घरचा मीडिया सर्व्हर उभा करताना

मागच्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, की तुमच्याकडे ते टीव्हीवर घरचे जुने व्हिडिओ, फोटो, पिक्चर सगळं एका जागी दिसतं ते कसं केलंय आणि खर्च किती आला. फोनवर सांगायला बसलो की अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा म्हणतो "बरं, बघतो कधीतरी". म्हणून एकदाच लिहून टाकतोय. थोडक्यात, एक जुना पीसी सतत चालू ठेवायचा, सगळ्या फाइली त्यात, आणि तो घरच्या नेटवर्कवरून टीव्ही-फोनला त्या पुरवतो, यालाच मीडिया सर्व्हर म्हणतात. हे ज्यांनी आयुष्यात कधी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आहे, आयटीवाल्यांनी नाकं मुरडू नयेत.

आधी हे कशाला करायचं ते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज बंद झालं, आणि १५ जीबीत मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं कोंबायची वेळ आली. तेव्हापासून आमच्या घरात दर दीड महिन्याने कोणाचा तरी फोन "स्टोरेज फुल" म्हणून ओरडायचा आणि मग काहीतरी डिलीट व्हायचं. त्यात ताईच्या लग्नाच्या कॅसेट, बाबांच्या जुन्या कॅमकॉर्डरच्या टेप, पाच-सहा पेन ड्राइव्ह, दोन बंद पडलेले लॅपटॉप. सगळं होतं घरातच, पण वेळेला सापडायचं काहीच नाही.

खर्चाबद्दल माझं मत आधीच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. नवीन माणूस सगळे पैसे मशीनवर घालतो, मोठा प्रोसेसर, भरपूर रॅम, आणि डिस्क एकच घेतो, यूपीएस तर घेतच नाही. उलटं करा. मशीन जुनं चालतं, अगदी मस्त चालतं. डिस्क मात्र नव्या आणि दोन घ्या, यूपीएस घ्या, आणि राउटरपासून सर्व्हरपर्यंत एक चांगली केबल टाका. यातून पैसे उरले तर मग प्रोसेसरचा विचार.

आधी मोजमाप

दुकानात जायच्या आधी एक दिवस घरातला सगळा डेटा मोजा. फोनवरचा फोर-के व्हिडिओ सेटिंगप्रमाणे मिनिटाला १७० ते ४०० एमबी खातो, म्हणजे पोरांचं एक गॅदरिंग शूट केलं की पाच-दहा जीबी गेलेच. मिनी डीव्ही टेप कॉम्प्युटरवर उतरवली तर तासाला साधारण १३ जीबी. व्हीएचएस कॅसेट असतील तर त्या आधी उतरवून घ्या, विशेषतः कोकणातल्या घरात राहिलेल्या असतील तर, कारण दमट हवेने टेपवर पांढरी बुरशी धरते आणि तशी टेप प्लेयरमध्ये घातली की हेड पण खराब होतं. आमच्या आठातल्या तीन कॅसेट अशाच गेल्या.

बेरीज जितकी येईल त्याच्या निदान दुप्पट डिस्क घ्या. बहुतेक घरांना ४ टीबी पुरते. आणि हो, ४ टीबीची डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर ३.६३ दाखवतो, दुकानदाराने फसवलं नाहीये, डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने.

मशीन

ऑफिसमधून निघालेले जुने पीसी रिफर्बिश्ड म्हणून मिळतात, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर हे तिन्ही दणकट. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, तिथे ढिगाने, बाकी प्रत्येक मोठ्या शहरात अशी एखादी गल्ली असतेच. बघायचं काय, तर इंटेलचा सातव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि आत ३.५ इंची डिस्क किती बसतात. जनरेशनचं कारण असं की इंटेलच्या चिपमध्ये व्हिडिओसाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो आणि सातव्या जनरेशनपासून तो १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायचा एक प्रकार) पण हाताळतो, आजकालचे बरेच फोर-के व्हिडिओ त्याच प्रकारात असतात. सहावी घेतली तर तिथे अडतं.

ते पुस्तकाएवढे छोटे मिनी पीसी दिसायला छान असतात, वीज पण कमी खातात, पण त्यात ३.५ इंची डिस्क बसत नाही, मग यूएसबीला बाहेर डिस्क लटकवावी लागते, आणि कधीतरी कोणीतरी झाडू मारताना ती वायर हलते. मी पहिलं वर्ष तसंच काढलं. आता छोटा टॉवर आहे, दोन डिस्क आत, झाकण बंद, विषय संपला. रास्पबेरी पाय बद्दल पण लोक विचारतात. फाइली ठेवायला ठीक, पण टीव्हीला फॉरमॅट बदलून द्यायची वेळ आली की ते दमतं, त्यामुळे या कामासाठी मी नाही म्हणेन.

विजेचं गणित सोपं आहे. दोन डिस्कसकट टॉवर निवांत असताना ३० वॅट धरा, म्हणजे दिवसाला ०.७२ युनिट, महिन्याला साधारण २१-२२. महावितरणच्या बिलात १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर वाढतो, तर तुमचं बिल ९५ युनिटवर असेल तर यातले बरेचसे युनिट महागाचे पडणार, तेवढं डोक्यात ठेवा.

डिस्क घेताना दोन गोष्टी

पहिली, सीएमआर की एसएमआर ते बघा, आणि सीएमआरच घ्या, तिच्यात डेटाचे ट्रॅक नुसते शेजारी शेजारी असतात. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात आणि मोठी कॉपी टाकली की स्पीड धापा टाकायला लागतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या म्हणून जगभर आरडाओरड झाली होती, त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस नाव दिलं. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ सीएमआर आहे. मॉडेल नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर तपासा, मगच पैसे द्या.

दुसरी, डिस्क घरी आल्या आल्या तिचे पॉवर ऑन अवर्स बघा, हा आकडा डिस्क स्वतःच नोंदवते, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं की दिसतो. मला एका दुकानातून सीलबंद पाकिटात "एकदम नवी" म्हणून मिळालेली डिस्क अकरा हजार तास चाललेली निघाली. परत घेतली त्यांनी, पण बिल होतं म्हणून. बिलाशिवाय डिस्क घेऊ नका, चारशे रुपये वाचत असले तरी.

सिस्टीमसाठी वेगळी एक छोटी एसएसडी लागेल, १२० किंवा २५६ जीबीची. जुनी लॅपटॉपमधली पडलेली असेल तर तीच वापरा.

यूपीएस आणि वायर

ज्यांच्याकडे दिवसातून चारदा लाइट जाते त्यांना समजवायची गरज नाही. डिस्क लिहीत असताना वीज गेली की फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे ती मांडणी, बिघडू शकते, सगळ्या वेळी नाही, पण ज्या वेळी होतं त्या वेळी तुमच्याकडे बॅकअप नसतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस ३० वॅटच्या मशीनला वीसेक मिनिटं आरामात धरतो. घेताना मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे ना ते बघा, स्वस्तातल्यांना नसतो, आणि तो नसला तर बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळणार कसं. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणणारे भेटतात. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ते यूपीएस मोडवर नसेल तर लाइट गेल्यावर बदलायला इतका वेळ लागतो की पीसी रिस्टार्ट होतो. निदान ते बटण तरी बघून या.

आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन, सुरू होताना एफ२ किंवा एफ१० वगैरे दाबून, वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं हे सेटिंग ऑन करा. नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि घरून फोन, "ते तुझं काहीतरी बंद पडलंय".

वायरचं महत्त्व आकड्यातच कळतं. गिगाबिट लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास कॉपी होते, म्हणजे २ टीबी डेटा पाच तासात. १०० एमबीपीएसच्या (हे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) लाइनवर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे तोच डेटा पन्नास तास. गंमत म्हणजे चांगल्या केबलमधली एक बारीक तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही तरी लाइन गुपचूप १०० वर येते आणि सगळं चालू असल्यासारखं दिसतं. कॉपी अकराच्या वर हलत नसेल तर पहिला संशय केबलवर. सर्व्हर वायफायवर ठेवू नका एवढंच. टीव्ही वायफायवर असला तरी चालतो, उलट बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे जवळच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर कधीकधी जास्त स्पीड मिळतो.

सॉफ्टवेअर टाकायचा शनिवार

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून मी ओपनमीडियाव्हॉल्ट वापरतो. डेबियन लिनक्सवर बसवलेलं, फुकट, आणि सगळं काम ब्राउझरमधून होतं. ट्रूनॅस पण चांगलं आहे, पण त्याची झेडएफएस नावाची फाइल सिस्टीम समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो, पहिल्या सर्व्हरला ते डोकं नको.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल डाउनलोड करा, रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. आता थांबा. इन्स्टॉल सुरू करायच्या आधी पीसी बंद करून दोन्ही मोठ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा, फक्त एसएसडी लावलेली ठेवा. इन्स्टॉलर ज्या डिस्कवर टाकायचं ती पूर्ण पुसतो आणि यादीत नावं एसडीए, एसडीबी अशी येतात, ती पण दर बूटला बदलू शकतात. रात्री साडेअकराला झोपेत चुकीची डिस्क निवडायला एक एंटर पुरतो, कसं माहीत ते विचारू नका.

मग त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल पंधरा-वीस मिनिटांचं आहे, भाषा, टाइमझोन, रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड, एवढंच. रिस्टार्ट झालं की काळ्या स्क्रीनवर एक पत्ता दिसतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. तो दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका, युजर अॅडमिन, पासवर्ड ओपनमीडियाव्हॉल्ट, सगळं स्मॉल लेटरमध्ये. आत गेल्या गेल्या तो पासवर्ड बदला. मग राउटरमध्ये जाऊन सर्व्हरला हाच पत्ता कायमचा राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला, नाहीतर महिन्याने पत्ता बदलतो आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. यानंतर मॉनिटर-कीबोर्ड काढून टाकला तरी चालतो.

आता मशीन बंद करून मोठ्या डिस्क परत जोडा. स्टोरेजमध्ये डिस्कची यादी दिसेल, सिरियल नंबर बघा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडा, आणि शक्यतो मार्करने डिस्कच्या कडेला "१" आणि "२" लिहून ठेवा, दोन वर्षांनी एक बिघडल्यावर या दोन आकड्यांना फार किंमत येते. मग फाइल सिस्टीममध्ये जाऊन दोन्हींवर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) बनवा आणि माउंट करा, म्हणजे वापरायला जोडा. डिस्कवर आधीचा डेटा असेल तर अर्थातच हे करू नका, आधी तो दुसरीकडे हलवा.

इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते ती सांगतो. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये काहीही बदललं की वर एक पिवळी पट्टी येते, तिच्यावर बरोबरची खूण असते, ती दाबल्याशिवाय बदल लागूच होत नाही. लोक सेव्ह करतात, पुढे जातात आणि तासभर डोकं खाजवतात की फोल्डर का दिसत नाहीये. पिवळी पट्टी दिसली, दाबा, थांबा, मग पुढचं.

त्यानंतर शेअर्ड फोल्डर. मी पहिल्या डिस्कवर चार केले: घरचे व्हिडिओ, फोटो, पिक्चर, गाणी. दुसऱ्या डिस्कवर फक्त "बॅकअप". प्रत्येक माणसाचा वेगळा युजर, आणि टीव्हीसाठी एक वेगळा युजर ज्याला फक्त वाचायची परवानगी. हे महत्त्वाचं आहे कारण ज्याला लिहिता येतं त्याला पुसता पण येतं, आणि घरातल्या एखाद्या लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर ते लिहिता येणाऱ्या प्रत्येक शेअरवर जातं. शेवटी सर्व्हिसेसमध्ये एसएमबी (नेटवर्कवर फोल्डर दाखवायची सोय) चालू करून फोल्डर त्यात जोडले की विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि सर्व्हरचा पत्ता टाकून फोल्डर उघडतात.

फाइलींची नावं

देवनागरीत नावं ठेवली तर चालतील का, हो, बिनधास्त. फक्त एक मर्यादा आहे. ईएक्सटी४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइट्सपर्यंत, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि यात काना, मात्रा, हलन्त पण वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं. "क्षी" लिहायला चार चिन्हं जातात, क, हलन्त, ष, वेलांटी. आमच्या काकांनी एका फाइलला पूर्ण लग्नपत्रिकेएवढं नाव दिलं होतं, "चि. सौ. कां." पासून "आग्रहाचे निमंत्रण" पर्यंत, ती कॉपीच होईना, तेव्हा हे शोधून काढलं.

पिक्चरसाठी प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, नाव आणि कंसात वर्ष. वर्ष टाकाच, एका नावाचे दोन-दोन पिक्चर असतात आणि वर्ष नसेल तर भलतंच पोस्टर चिकटतं. घरच्या व्हिडिओंना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागतात.

जेलिफिन

फाइली झाल्या, आता त्या टीव्हीवर छान दिसायला जेलिफिन. डिसेंबर २०१८ मध्ये एंबी या तशाच प्रोग्रॅमने आपला कोड सगळ्यांना उघडा ठेवणं बंद केल्यावर काही लोकांनी त्याची उघडी आवृत्ती घेऊन हे वेगळं सुरू केलं, पूर्ण फुकट आहे, काहीही पैसे मागत नाही. याच कामाचं प्लेक्स जास्त चकाचक आहे पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (चिपकडून व्हिडिओचा फॉरमॅट बदलून घ्यायला) आधीपासून पैसे होते आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायला पण पैसे, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याने तिकडे कशाला जायचं.

ओपनमीडियाव्हॉल्टवर आधी ओएमव्ही-एक्स्ट्राज (त्याची जादा प्लगइन मिळवून देणारं) टाकायचं, मग त्यातून डॉकर आणि कंपोज प्लगइन. डॉकर म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात, एकाचं सांडलं तर दुसऱ्याला लागत नाही. जेलिफिनची कंपोज फाइल, म्हणजे डबा कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमधून तशीच उचला आणि त्यात चारच गोष्टी आपल्या करा: सेटिंगचं फोल्डर एसएसडीवर, मीडियाचं फोल्डर फक्त-वाचा म्हणून, पोर्ट ८०९६, आणि डेव्ह फोल्डरमधलं डीआरआय नावाचं डिव्हाइस, जे दिल्याशिवाय त्याला ग्राफिक चिप दिसत नाही. चालू झालं की सर्व्हरचा पत्ता, पुढे कोलन ८०९६, आणि सेटअप विचारत जातो.

लायब्ररी बनवताना प्रकार विचारतो तिथे घरच्या व्हिडिओंना "होम व्हिडिओज अँड फोटोज" हाच निवडा. मी पहिल्यांदा सगळंच "मूव्हीज" मध्ये टाकलं आणि ताईच्या लग्नाला कुठल्यातरी इंग्रजी भुताच्या पिक्चरचं पोस्टर लागलं. भाऊजींना ते बरोबर वाटलं, आठवडाभर बदलू देईनात.

लायब्ररी रिकामी दिसत असेल तर बहुतेक वेळा परवानगीची भानगड असते, डब्यातल्या युजरला ते फोल्डर वाचता येत नसतं. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन इंटेल क्विक सिंक चालू करा. ट्रान्सकोडिंग म्हणजे टीव्हीला जो फॉरमॅट कळत नाही तो सर्व्हरने चालू व्हिडिओतच बदलून द्यायचा. शक्यतो ही वेळ येऊच नये, टीव्हीवर जेलिफिनचं अॅप टाकलं की बरंचसं थेट चालतं. पण डीव्हीडी-ब्लूरेमधले चित्ररूपी सबटायटल लावले की अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागू शकतो, अचानक अडकायला लागलं तर आधी सबटायटल बंद करून बघा. मराठी सबटायटलची फाइल असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

फोनमधले फोटो आपोआप यायला इमिच टाका, तोही डॉकरमध्येच. अॅप फोनवर, वायफायला आलं की फोटो सर्व्हरवर. चेहरे ओळखतो, नकाशावर दाखवतो. पहिल्यांदा चेहरे ओळखताना जुना प्रोसेसर एक-दोन दिवस तापलेला राहील, घाबरू नका.

घराबाहेरून

राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर इंटरनेटवर ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. एसएमबी तर कधीच नाही. आणि आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर ते जमत पण नाही, कारण कंपनी अनेक घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देते, सीजीनॅट. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही त्यातलेच. यावर उपाय टेलस्केल, आपल्याच मशीनना इंटरनेटवरून खाजगी जोडणारा प्रोग्रॅम, घरगुती वापराला फुकट, सर्व्हरवर टाका, फोनवर टाका, दोन्ही एकमेकांना घरात असल्यासारखे दिसतात. भाऊ डब्लिनला असतो, तो आईचे गणपतीतले व्हिडिओ तिथून बघतो. त्याला अडकतं तेव्हा आमच्या लाइनचा अपलोड कमी पडलेला असतो, अॅपमध्ये क्वालिटी खाली आणली की सुरळीत.

दुसरी डिस्क कशासाठी

बरेच जण दोन डिस्क रेडमध्ये (RAID, वर आलेली वेस्टर्न डिजिटलची रेड नव्हे) जोडतात, एकीवर लिहिलं की लगेच दुसरीवर. ते वाईट नाही, डिस्क मेली तर सर्व्हर चालू राहतो. पण पोराने चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. घरात सर्व्हर अर्धा दिवस बंद राहिला तर कोणाचं काही अडत नाही, फोटो गेले तर अडतं. म्हणून मी दुसरी डिस्क वेगळी ठेवतो आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने रोज पहाटे तीनला पहिलीवरचं नवीन तिच्यावर उतरतं. त्यातला "डिलीट" पर्याय रोजच्या कामात बंदच ठेवा, तीन महिन्यांनी एकदा हाताने बघून साफसफाई करा. सगळंच कॉपी करायची गरज नाही. पिक्चर परत मिळतात, डीव्हीडी कपाटात आहेतच. घरचे व्हिडिओ, फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि जेलिफिन-इमिचचं सेटिंगचं फोल्डर, त्यात इमिचच्या डेटाबेसचा बॅकअप धरून, एवढं आलंच पाहिजे.

आणि तिसरी प्रत घराबाहेर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा मामाच्या घराचा तळमजला बुडाला. अल्बम, कॅसेट, पीसी आणि त्या पीसीचा बॅकअप घेतलेली डिस्क, सगळं एकाच कपाटात होतं. आजीचा चालता-बोलता एकच व्हिडिओ होता तो त्यातच गेला. आमचं गावचं घर वर सड्यावर आहे, तिथे पाणी येत नाही, तर आता माझ्याकडे दोन पोर्टेबल डिस्क आहेत. गणपतीला गावी जाताना ताजी भरलेली घेऊन जातो आणि तिथली जुनी परत आणतो, मे महिन्यात परत अदलाबदल. तिकडची घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डिस्क कुणाच्या हाती लागायची भीती असेल तर एन्क्रिप्ट करा, पण मग पासवर्ड विसरायचा नाही.

वर्षातून दोनदा बॅकअपमधून पाच-दहा फाइली उघडून बघा, नुसता आकार बघू नका. माझं आरसिंक एकदा सात आठवडे बंद पडलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

सांभाळायचं म्हणजे रोज काय

रोज काहीच नाही. नोटिफिकेशनमध्ये मेलचा पत्ता टाकून ठेवा, काही बिघडलं की सर्व्हर स्वतः कळवतो. महिन्यातून एकदा स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत तपासायची सोय) लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात, रात्री लावायची. निकालात तीन आकडे बघायचे: ५ नंबरचा रिअलोकेटेड सेक्टर, १९७ चा पेंडिंग आणि १९८ चा अनकरेक्टेबल. शून्य असले तर झोपा. ५ मध्ये दोन-चार दिसले आणि तिथेच थांबले तर लक्ष ठेवा, दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क चालली, नवीन मागवा. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, बहुतेक आतली साटा केबल सैल आहे, पन्नास-शंभराचं काम.

डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहिलं तर उत्तम. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला जाते, तिथे सर्व्हर बंद कपाटात नको, गच्चीखालच्या माळ्यावर तर नकोच. दिवाळीच्या साफसफाईत झाकण उघडून ब्लोअर मारा, पंखा मात्र बोटाने धरून. आमच्यात पॉवर सप्लायच्या आत पालीची अंडी सापडली होती.

एक विचित्र बिघाड सांगतो कारण तो तुम्हालाही येईल. पासवर्ड बरोबर टाकतोय तरी ओपनमीडियाव्हॉल्ट परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडतं. मी पासवर्ड विसरलो म्हणून चार तास घालवले. पासवर्डचं काही नव्हतं, जेलिफिनच्या ट्रान्सकोडिंगच्या तात्पुरत्या फाइली साचून एसएसडी गच्च भरली होती. मॉनिटर-कीबोर्ड लावून आत शिरलो, त्या उडवल्या, उघडलं. तेव्हापासून एसएसडी ८० टक्के झाली की मेल येईल असं लावलंय. मोठ्या डिस्कवर पण दहा-पंधरा टक्के जागा रिकामी सोडा.

अपडेट महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी. आयपीएलच्या फायनलच्या दिवशी नाही. इमिचचं अपडेट करायच्या आधी त्यांची बदलांची यादी वाचा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तिची एकदा परीक्षा घ्या: सर्व्हर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा आणि बघा, बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद होतो का. त्यासाठी नट नावाचं, यूपीएसशी बोलणारं प्लगइन लावलेलं असायला हवं.

शेवटचं राहिलेलं काम कागदाचं आहे. सर्व्हर कुठला, बंद कसा करायचा, डिस्क १ म्हणजे कुठली, फोटो कुठल्या फोल्डरमध्ये, कोणती डिस्क विंडोजला थेट लागेल आणि कोणती लागणार नाही (ईएक्सटी४ विंडोज सरळ वाचत नाही, म्हणून गावाला जाणाऱ्या दोन्ही मी एक्सफॅटमध्ये ठेवल्यात), पासवर्ड काय, हे सगळं एका पानावर मराठीत लिहून एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलंय. बायकोला वाचायला दिलं तर तिने सहा ठिकाणी पेन्सिलने "म्हणजे काय?" लिहून परत दिलं. या रविवारी ते पान परत लिहायचंय.